पूर्णेच्या डोंग्याचे अडीच घोडे

"ह्या अडीच घोड्यायचे पाच करून द्या, मिस्त्री," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी गोदडीत बांधलेलं गाठोडं माझ्या बेंचवर ठेवलं.

गोदडी सोडली तर आत अडीच हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर. म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं लहानसं इंजिन. वर इंजिन, खाली लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. त्या पंख्याला प्रोपेलर म्हणतात. आमच्या अमरावतीच्या गॅरेजात लॉऱ्या यायच्या, उतारूंच्या सर्व्हिस मोटारी यायच्या, एखाद्या वकिलाची फटफटी यायची. होडीचं काम कधी आलं नव्हतं, कारण अमरावतीला होडी चालवावी अशी नदीच नाही.

मोटर मात्र चिंचेनं घासलेल्या समईसारखी लख्ख होती. वर हळदकुंकू.

"इतकी कोणी घासली?" मी विचारलं.

"वैनीनं. दुसऱ्याच्या दारी वस्तू मळकी न्यायाची नाही, अशी रीत हाय आमच्या घरची."

मला ती रीत फार आवडली. पुढे त्याच रीतीनं मला रडवलं, पण ते नंतर.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि मिलिटरीचा जुना माल लिलावात निघत होता. त्यातून गणपतरावांनी ही मोटर उचलली होती. हे माळ्याचं घर, अचलपूरच्या रस्त्यावर पूर्णेच्या पलीकडचं. भाजी आणि झेंडू पिकवायचे आणि अमरावतीला आणून विकायचे. गेल्या वर्षी ऐन नवरात्रात पूर्णा फुगली, वल्ह्याचा डोंगा धारेत टिकेना आणि अंबादेवीसाठी तोडलेला सगळा झेंडू काठावर सडला. यंदा वहिनींनी हट्टानं दुप्पट झेंडू लावला होता, तो या मोटरीच्या भरवशावर.

"मग अडचण काय आहे?"

"रिकामा डोंगा असला की पळते. माल भरला की मधातच बसते. ताकद कमी हाय तिच्यात."

ऐकायला अगदी पटणारं होतं. ओझं वाढलं आणि इंजिन बसलं, तर दम कमी पडतो. हॉर्सपॉवर म्हणजे तरी काय, इंजिनाचा दमच. आमचे मालक नानासाहेब मूळ पुण्याकडचे. ते खांद्यावरचा पंचा सावरत बेंचपाशी आले.

"वाढतील का घोडे, मिस्त्री?"

"पाच होणार नाहीत. एखादं शिंगरू वाढेल."

"मग तसं त्यांना सांगा."

सांगितलं. गणपतराव म्हणाले, "शिंगरू तं शिंगरू. पन घटस्थापनेच्या आधी द्या."

कामाला लागलो. इंजिनाच्या वरच्या झाकणाला हेड म्हणतात. ते खालून थोडं घासून पातळ केलं. त्यानं आतली जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते आणि भडका जोरात बसतो. पेट्रोल ज्या बारीक भोकातून आत येतं, ते जेट केसभर मोठं केलं. धूर जायच्या वाटेतली काजळी खरवडली. मग मोटर मागच्या हौदात उभी केली आणि दोरी ओढून चालू केली. हौदातलं निम्मं पाणी उडून नानासाहेबांच्या धोतरावर गेलं.

"पुरे," ते म्हणाले. "कळली ताकद."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी स्वतः मोटर घेऊन पूर्णेवर गेलो. रिकामा डोंगा पोळ्याला सोडलेल्या गोऱ्ह्यासारखा उधळला. काठावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी जरा फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग पलीकडच्या काठावर झेंडूच्या टोपल्या चढल्या. वहिनी, म्हणजे गिरजाबाई, डोंग्याच्या मागच्या टोकाला आल्या. त्यांच्याकडे मालाच्या प्रत्येक खेपेला पहिला हार नदीचा. त्यांनी मोटरीच्या बाजूनं हार पाण्यात सोडला आणि हात जोडले. मीही जोडले.

धारेत गेलो आणि मोटर कण्हायला लागली. काळा धूर. डोंगा पुढे जाण्याऐवजी बाजूला वाहायला लागला. मी पेट्रोल वाढवलं, तसा धूर वाढला. शेवटी गणपतरावांनी बांबू टेकत डोंगा कसाबसा त्याच काठाला परत लावला.

वहिनी टोपल्यांकडे बघत खाली बसल्या. "मागच्या सालावानीच झालं," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हौदात चालते, रिकामी चालते, मग आत्ताच काय झालं? मी मोटर फळीवरून वर उचलली. प्रोपेलरचा पत्ताच नव्हता. त्या जागी अंबाडीच्या दोऱ्याचा घट्ट गुंडा होता आणि त्यात चेंदामेंदा झालेला झेंडू. नदीचा हार पंख्यानं गिळला होता.

"हे आधीही व्हायचं?" मी विचारलं.

"ते तं दर खेपेले निंगते," वहिनी म्हणाल्या. "इळ्यानं कापून टाकतो मी. मंग घासून ठेवतो."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"सांगाची गोष्ट हाय काय ते? कचरा व्हय!"

माझी पंचाईत झाली. हार सोडू नका, हे नदीच्या काठावर उभं राहून कोणत्या तोंडानं सांगायचं? मी गणपतरावांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते. शेवटी चाचरत म्हणालो, "वहिनी, दोऱ्यानं पंखा बांधला जातो."

त्यांनी गुंड्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"नदीले फुलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "दोरा कधी मांगतला तिनं?"

विळ्यानं गुंडा कापला. वहिनींनी ओंजळभर सुटा झेंडू पाण्यात सोडला. मी दोरी ओढली. भरलेला डोंगा धार कापत सरळ अमरावतीकडच्या काठाला लागला. तिथं माल न्यायला बैलांच्या बंड्या उभ्याच होत्या. वहिनी टोपली डोक्यावर घेताना हसल्या.

गॅरेजात परतलो तर नानासाहेबांनी विचारलं, "वाढले का घोडे?"

"एखादं शिंगरू वाढलं असेल. बाकीचे होतेच, दोऱ्यानं बांधलेले."

"मग ते हेड कशाला घासलं?"

उत्तरादाखल मी दारावर पाटी लावली: 'दुरुस्तीची गाडी धुऊन आणू नये.' लोक आपल्याला घाणेरडे म्हणतील, म्हणून नानासाहेबांनी ती दुसऱ्याच दिवशी उतरवली. पण खरं दुखणं बहुतेक वेळा त्या मळातच असतं आणि गिऱ्हाईक नेमकं तेवढंच घरी पुसून येतं. पुढे जन्मभर मी हातात पाना घेण्याआधी विचारत आलो, "आणायच्या आधी हिच्यातून काय काढून टाकलंत?"

दसऱ्याला गणपतरावांनी माझ्या हत्यारांच्या पूजेसाठी टोपलीभर झेंडू आणून दिला. सगळा सुटा.

"हार नाही केला?" मी म्हटलं.

"वैनी म्हने, मिस्त्रीकडं यंत्रं लय हायेत. दोरा नोको धाडू."