पान तीनवरचा शत्रू

अन्याय झाला तो अनुसयाबाईंवर. गेल्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, पिंपळगाव बसवंतमधल्या एका शेतीऔषधांच्या दुकानाच्या पायरीवर, सात द्राक्ष बागायतदारांच्या देखत.

त्या द्राक्षाच्या पानावर एक पांढरी, कापूस पिंजल्यासारखी अळी घेऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "हा पिठ्या ढेकूण नाय. ही त्या ढेकणाला खाते. मी डोळ्यानं पाह्यलंय." दुकानदारानं अळीकडे बघितलंसुद्धा नाही. काउंटरखालून एक हिरवं पत्रक काढलं, पान तीन उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं. हुबेहूब तशीच अळी आणि खाली ठळक अक्षरात 'पिठ्या ढेकूण : बागेचा शत्रू'. "मावशी, छापणाऱ्यापेक्षा तुम्ही शहाण्या का?" सातही जण हसले.

ते पत्रक आमचं. विषारी फवारण्यांविरुद्ध काम करणाऱ्या नाशिकच्या आमच्या गटानं काढलेलं, गावोगाव फुकट वाटलेलं. आणि पान तीन माझं. ते चित्र मीच एका फोटोवरून काढलं होतं.

संध्याकाळी अनुसयाबाईंनी पत्रकामागचा नंबर बघून एसटीडी बूथवरून मला फोन केला. "तुम्ही खोटं छापलंय. या आणि बघा. गुरुवारी सकाळी सातला आमचे भावजी फवारणी करणार."

बुधवारी सकाळी मी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पिंपळगावची एसटी पकडली. लपवून काय उपयोग, बाईंची चूक दाखवून द्यायलाच निघाले होते. पिशवीत कॅमेरा, छत्तीस फोटोंचा एक रोल आणि लेन्स उलटी बसवायची कडी. नेहमीची लेन्स उलटी लावली की मोहरीएवढा जीव पेरूएवढा दिसतो. मात्र श्वास घेतला तरी तो हलतो.

ओझरच्या पुढे रस्त्याला कांद्याचे टेंपो लागले. पिंपळगावच्या थांब्यावर एक काटक बाई माझ्याकडे रोखून बघत होती. वय पन्नाशीचं, डोक्यावर पदर, हातात विळा.

"पत्रकवाल्या तुम्हीच का?"

"हो."

"मला वाटलं, कुणी मोठी बाई आसंल. तुम्ही तर पोरगी हाय." आणि चालायला लागल्या.

वणीच्या रस्त्यानं अर्धा तास चालल्यावर बाग आली. मांडवाखाली गार वाटत होतं. घडांत साखर भरत होती. पुढच्या पंधरवड्यात माल निघणार होता. बाईंनी आधी भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा खायला लावला. "उपाशी माणसाला नीट दिसत नाय," म्हणाल्या. मग मला शेवटच्या चार ओळींत नेलं. तिथे ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या हातांवर) पांढरे ठिपकेच ठिपके.

"हे सगळे ढेकूणच आहेत," मी म्हणाले.

"बोट लावा."

बोट लावलं. एक ठिपका जागचा हलला नाही. दुसरा तुरुतुरु पळाला.

मी कॅमेरा लावला आणि मला माझी लाज वाटली. ढेकूण म्हणजे पिठाचा चपटा, लांबटगोल गोळा, कडेला आखूड झालर. आणि ही अळी लांबट, सहा पायांची, अंगभर मेणाच्या वळलेल्या वाती. झोपलेला शेजारी आणि धावणारा चोर, इतका फरक. तो ओळखायला लेन्ससुद्धा लागत नव्हती, नुसतं दोन मिनिटं थांबायला हवं होतं. मी थांबले नव्हते. पुस्तकातल्या एका पानावर दोघांचे फोटो शेजारीशेजारी होते, मी भलता उचलला. या अळीचा पुढे मसुराच्या डाळीएवढा भुंगेरा होतो, काळा, तोंडाकडे नि शेपटाकडे तांबूस. दोन वर्षांपूर्वी अनुसयाबाईंच्या भाच्यानं कृषी कॉलेजातून डबीभर आणून सोडले होते. आम्ही औषधकंपन्यांच्या नावानं घसा फोडत होतो आणि काम त्यांचंच करत होतो.

वाकून वाकून पाठ गेली. तारेत केस अडकले. लेन्सला चिकटा (ढेकणानं सोडलेला गोड चिकट रस) लागला, तो पदराच्या टोकानं अनुसयाबाईंनी पुसला. रोलमधले शेवटचे चार फोटो उरले असताना एका अळीनं ढेकणाच्या पोटाखाली तोंड खुपसलं. मी श्वास धरला आणि चारही उडवले.

तेवढ्यात त्यांचे दीर रामभाऊ आले. "वहिनी, घडावर चिकटा दिसला की परदेशी माल धाडणारा पॅकहाउसवाला गाडी माघारी धाडतो. तुमच्या किड्याला इंग्रजी येतं का, त्याला समजवायला?"

"तुमच्या फवारणीच्या ब्लोअरला तरी कुठं येतं?" अनुसयाबाई म्हणाल्या.

रामभाऊ माझ्याकडे वळले. "ताई, खाताना दिसली तर ह्या चार वळी सोडीन. पण फोटो सातच्या आत."

परतीच्या एसटीत शेजारी वणीहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांनी माझ्या केसांतून काहीतरी चिमटीत धरलं. "अगं बाई, केवढी ऊ!"

"चिरडू नका!" मी एवढ्यानं ओरडले की कंडक्टरनं वळून पाहिलं. ती अळीच होती. तिकिटाच्या घडीत ठेवली. आजी खिडकीकडे सरकून बसल्या.

नाशिकला स्टुडिओवाल्यानं दुकान बंद करता करता रोल धुऊन दिला. छत्तीसपैकी तेहतीस धुरकट. उरलेल्या तीनपैकी एकात ती होती, तोंड ढेकणाखाली, अंगावरच्या वाती ताठ.

गुरुवारी पहिली एसटी ओझरला पंक्चर झाली. मी बागेत धापा टाकत पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. औषधाचा उग्र वास बांधापर्यंत आला होता. ट्रॅक्टर चार ओळींच्या तोंडाशी घरघरत उभा होता आणि त्याच्यापुढे अनुसयाबाई, हातात लोणच्याची बरणी.

रामभाऊंनी फोटो उलटसुलट बघितला. "एकावर एक बसल्यात. खाती कशावरून?"

मी फोटो परत घेऊन पाहिला. खरंच, फोटोत ते दिसत नव्हतं. छापलेल्या चित्रावर विश्वास ठेवून हा सगळा घोळ झाला होता आणि मी आणखी एक चित्र घेऊन आले होते.

अनुसयाबाईंनी बरणी पुढे केली. तोंडाला फडकं बांधलेलं. "काल सांजंला तुमच्यासमोर अकरा ढेकूण टाकले व्हते ना, भावजी? आणि दोन अळ्या. मोजा."

रामभाऊंनी मोजले. चार ढेकूण होते. बाकीच्यांची नुसती पांढरी सालं. अळ्या दोन्ही होत्या, टम्म फुगलेल्या.

त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. सॉरी-बिरी काही नाही. "ह्या चार वळी वहिनीच्या," एवढंच म्हणाले.

तिथून आम्ही दोघी बरणी घेऊन दुकानावर गेलो. दुकानदार म्हणाला, "असं छापून आणा, मग बघू."

छापून आणलंय. हे तेच.

येताना रिकामा कॅमेरा मांडीवर होता. बाईंच्या हातात फक्त विळा होता आणि त्यांना दिसलं. माझ्याकडे लेन्स होती, पुस्तकं होती, छापखाना होता, आणि मी पाहिलं नाही. तरी हसं झालं ते त्यांचं. का? त्यांचं म्हणणं छापलेलं नव्हतं म्हणून.

तर आता उठा. तुमच्या घरात ते हिरवं पत्रक असेल, पान तीन फाडा. फवारायच्या आधी पांढऱ्या ठिपक्यांना बोट लावा आणि जो पळतो त्याला सोडा. खात्री नसेल तर बरणी घ्या आणि एक रात्र थांबा. आणि त्या सात जणांपैकी जो कुणी हे वाचतोय, त्यानं येत्या मंगळवारी साडेदहाला त्याच पायरीवर यावं. अनुसयाबाई तिथे असतील, मीही असेन. माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही जेवढ्या मोठ्यानं हसलात, तेवढ्याच मोठ्यानं सांगा की बाई बरोबर होत्या.