डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या ह्यांनी लखनऊत, मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात मोटार बांधली. किट कार म्हणजे खोक्यांतून येणारी गाडी. सांगाडा एका खोक्यात, फायबरची बॉडी दुसऱ्यात, इंजिन जुन्या गाडीचं, आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. हे रेल्वेत इंजिनिअर, हाताला पाना लागल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. मी पाने पुरवले, पत्रे धरले, शिव्या ऐकल्या आणि परतही केल्या. बदल्यात एकच मागितलं होतं, पहिली फेरी माझी.

"गाडी सरळ धावू दे, मग पहिली तूच चालव," हे म्हणाले होते. ते वाक्य मी मनात कुलूप लावून ठेवलं.

पण गाडी सरळ धावेल तर ना! लाल, बुटकी, दोन सीटची ही बया अंगणातून निघाली की डावीकडे ओढायची आणि शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात तोंड खुपसायची. चालवत अर्थात हेच होते. "हे टेस्टिंग आहे, ही फेरी धरायची नाही," असं वर मलाच ऐकवायचे.

आमची अख्खी कॉलनी चाकांवरच पोट भरते. रविवारी सकाळी चहाचे कप घेऊन सगळे साहेब लोक गाडीभोवती उकिडवे बसायचे आणि ती डावीकडे का ओढते यावरून भांडायचे. ह्यांनी रेल्वेच्या सवयीनं पुढची चाकं अगदी रुळावर ठेवल्यासारखी समांतर लावली होती आणि त्यात बदल करायला कुणाची छाती होत नव्हती.

शेवटी मीच पदर खोचला. गाडीला नंबर नव्हता, म्हणून टेंपोत चढवून ती विकास नगरच्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नेली. तिथे कॉम्प्युटर होता.

"मॉडेल कौन सा है, मैडम?"

"हमने घर में बनाया है."

"मतलब, कंपनी कौन सी?"

"हम ही कंपनी हैं!"

कॉम्प्युटरला आमची कंपनी ठाऊक नव्हती. शिवाय गाडी इतकी बुटकी की रॅम्पवर चढताना पोटच घासलं. दुसऱ्या दुकानात सगळ्यांनी आळीपाळीनं आत बसून फोटो काढले आणि मग हात जोडले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. माझी फेरी त्या मेंदीच्या कुंपणात अडकून पडली होती.

मग एका थंडीच्या सकाळी चौक नावाच्या जुन्या बाजारात चिकनकारीचा कुर्ता आणायला गेले आणि मक्खन मलाई, म्हणजे थंडीत मिळणारा दुधाचा गोड फेस, खायला थांबले. फोनवर ह्यांच्याशी तावातावानं बोलत होते. "अहो, यार, तुमचं ते सस्पेंशन राहू द्या, गाडी लेफ्टलाच ओढतेय ना अजून?" शेजारी एक भारदस्त गृहस्थ द्रोण चाटत उभे होते. मिशा कोळशासारख्या काळ्या, म्हणजे उघडच रंगवलेल्या.

"माफ़ कीजिएगा," ते म्हणाले, "पूरे लखनऊ में दो ही चीज़ें सीधी हैं. एक हमारी ज़ुबान, दूसरी हमारी बाँधी हुई गाड़ी."

असला बढाईखोर माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. निघाले मात्र गाड्यांची चाकं सरळ करणारे जुने उस्ताद; मी तिथल्या तिथे त्यांना रविवारचं आमंत्रण दिलं.

रविवारी उस्ताद इस्त्रीचा कुर्ता घालून आले. कॉम्प्युटर नाही, काही नाही. चार लोखंडी स्टँड, पांढरा दोरा आणि एक पट्टी. गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणला आणि विचारलं, "चलाएगा कौन?"

"मैं," हे म्हणाले.

"मैं!" मी ओरडले. साहेब लोकांच्या हातातले कप थांबले.

"हल्की गाड़ी है," उस्ताद म्हणाले, "बैठने वाले के वज़न से चाल बदलती है. जो चलाएगा, वही बैठेगा. उसी पर बाँधूँगा."

हे वळून तोंड उघडणार, तोवर मी आत. आत म्हणजे काय, आधी एक पाय, मग मी, मग दुसरा पाय, आणि गाडी अशी खाली बसली की कॉलनी खदाखदा हसली. मीही हसले. लग्नाआधी हे माझ्या वजनाच्या निम्मे होते आणि अजूनही तिथेच आहेत. आयुष्यभर या वजनावरून बोलणी खाल्ली, आज तेच कामी येत होतं.

"मैडम, हँसिए मत, नाप हिल रहा है."

मी श्वाससुद्धा बेतानं घेत बसले. उस्ताद प्रत्येक चाकाशी पट्टी लावत, मिशीवर बोट फिरवत, सळ्या फिरवत राहिले. समोरची चाकं त्यांनी आतल्या बाजूला किंचित वळवली तेव्हा ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"चलाइए," उस्ताद म्हणाले.

मी चालवली. मेंदी डावीकडे राहिली, कॉलनीच्या टोकाची पाण्याची टाकी समोरून सरळ माझ्याकडे येऊ लागली. मी टाकीला वळसा घातला आणि इतक्या मोठ्यानं किंचाळले की बाल्कन्यांत माणसं आली. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

परत आल्यावर ह्यांनी घाईघाईनं स्टिअरिंग ताब्यात घेतलं. निघाले, आणि गाडी हळूच डावीकडे कलली. मेंदीच्या अलीकडे ब्रेक लागला.

"साहब," उस्ताद दोरा गुंडाळत म्हणाले, "ये तो मैडम पर बँधी है."

"और दोनों बैठें तो?" मी विचारलं.

उस्तादांनी ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "साहब के बैठने से कोई फ़र्क़ नहीं पड़ेगा."

हे उतरले आणि वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसले. गाडीला खरंच पत्ता लागला नाही.

"मग मी कधी चालवायची?" हे म्हणाले.

"आधी जरा अंग धरा," मी म्हटलं आणि गिअर टाकला.