खारीचा चावा, म्हशीची लाथ

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खार पाळली होती. लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. यांनी वाळल्या लिंबाखाली पडलेलं पिल्लू उचललं आन् कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं. दूध कुठलं? आमच्या एकुलत्या एका म्हशीचं. माझी लेक कोरा चहा प्यायची आन् खारीला दूध! मला त्या खारीचा राग होता. आजही आहे, खोटं कशाला लिहू?

त्या दुष्काळात आमच्या परंड्याकडच्या विहिरींनी तळ दाखवला होता. टँकर यायचा तेव्हा घरटी दोन हंडे पाणी. वैरण तर दिसायलाही नव्हती. म्हैस जगत होती दूध सोसायटीच्या पेंडीवर, आन् पेंड मिळायची ती दूध घालणाऱ्यालाच. चार दिवस दूध गेलं नाही की पेंड बंद. मग म्हैस बाजारात. त्यात ती अशी लहरी, माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती.

एका दुपारी मी भाकरीच्या दुरडीत हात घातला, तर खार आत बसलेली. उजव्या अंगठ्याला अशी डसली की झटकली तरी सुटेना. रक्तच रक्त.

"आत्याबाई, तुमच्या खारीनं अंगठा फोडला माझा!"

"तूच दचकवलं असशील. गरीब जीव हाय. रामाचं बोट फिरलंय तिच्या पाठीवर."

"फिरलं असंल. माझं बोट तोडायला रामानंच सांगितलं व्हतं का?"

हात धुवायला हंड्याकडं गेले, तर या आडव्या. "प्यायचं पाणी हाय ते! चावलं की तिखट दाबत्यात. कुत्रं चावलं तरी तेच करत्यात." आन् चिमूटभर लाल तिखट जखमेत दाबलं की हो! डोळ्यांपुढं काजवे चमकले. वरून चिंधी बांधली.

संध्याकाळी धारेला बसले. आमच्याकडं अंगठा दुमडून धार काढतात, त्यामुळं चिंधी सुटली. हात धुवायला पाणी नव्हतंच, पदराला पुसला होता इतकंच. सडाला तिखट लागलं तशी म्हैस अशी उसळली की बादली एकीकडं, मी एकीकडं. गुडघ्यावर लाथ बसली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळ गेले, तर शिंगं रोखून उभी. पान्हाच सोडेना.

अंगठा वांग्यासारखा सुजला, म्हणून दवाखान्यात गेले. नर्सबाई खेकसल्याच. "तिखट? कालवण करायचं होतं का अंगठ्याचं? चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्यात हात धरायचा."

"वाहतं पाणी कुठंय बाई, तेवढं दाखवा," मी म्हटलं. त्यांनी इंजेक्शन टोचलं.

घरी आले ती सरळ हंडा उचलला. साबण लावून अंगठा धुतला, उरलेलं पाणी म्हशीच्या कासेवर ओतलं.

"प्यायचं पाणी ओतलं गं बया हिनं!"

"ओतलं. दुसरा हंडाबी ओतीन. म्हैस ठेवायची का खार, आत्ताच्या आत्ता सांगा."

त्या दुसऱ्या हंड्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी केरसुणी घेतली. खार पत्र्याखालच्या फटीतनं बाहेर पडून पार रस्त्यापल्याड जाईस्तोवर थांबले नाही. आन् फटीत चिंध्या कोंबल्या.

मग दोन्ही वेळा म्हशीजवळ बसायची, पाठीवर थोपटायची. ती लाथ उगारायची, मी सरकायची, परत बसायची. दूध थांबल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी तिनं पान्हा सोडला. डाव्या हातानं कशीबशी तांब्याभर धार काढली आन् धावत जाऊन सोसायटीच्या मापात ओतली. पेंड वाचली.

खार गेल्यापासून आत्याबाई धड जेवल्या नव्हत्या. समजूत काढायला गेले नाही मी. ताट वाढलं, झाकून त्यांच्यापुढं सरकवलं आन् म्हशीची पेंड भिजवायला उठले.