पंच बघून आलेला माणूस

सावळारामतात्यांबद्दल मी कधी चांगलं बोलेन असं कुणाला वाटलं नसतं, मलाही नाही. मी बावड्याचा झुंबर. काटेवाडीच्या जत्रेत ओळीनं दोन वर्षं मोहनरावांच्या पैलवानाला, जयवंताला मी खाली घातला, आणि ओळीनं दोन वर्षं याच माणसानं ती कुस्ती बरोबरीत सोडवली. जयवंताची पाठ मातीपासून चार बोटांवर आली की पंच म्हणून उभे असलेले तात्या हात वर करून मध्ये घुसायचे. "सोडली! बरोबरीत सोडली!" हलगी कडाडायची, दोघांनाही फेटे बांधले जायचे आणि मोहनराव मिशीला पीळ भरायचे. आखाडा मोहनरावांच्या रानात, इनाम मोहनरावांचं, आणि तात्यांच्या वांग्यांना जाणारा पाटही मोहनरावांच्याच बांधावरून. मग जयवंताच्या पाठीला माती लागेल कशी?

असा हा माणूस विलायतेला गेला. बारामतीला कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यावर तात्या भाजी घालायचे. साहेबाची एक म्हातारी, आंधळी कुत्री होती, ती तात्यांशिवाय कुणाच्या हातचं खात नसे. १९३५च्या पावसाळ्यात साहेब लांब रजेवर घरी निघाला तेव्हा मडमेनं हट्ट धरला, कुत्री येणार तर तात्याही येणार. मोठ्या घरची पोरं बॅरिस्टर व्हायला विलायतेला जात, तात्या कुत्रीला जेवू घालायला गेले. त्यांच्या कारभारणीनं, द्वारकाबाईंनी, बोटीवर खायला म्हणून भाकरी बांधून दिल्या होत्या. त्या दौंड यायच्या आतच संपल्या.

शिमग्याच्या सुमारास तात्या परत आले. बाजाराच्या दिवशी बारामतीत लोकांनी त्यांना घेरलं. मीही होतो, मागं उभा, तोंड वाकडं करून.

"राजाचा वाडा बघितला का, तात्या?"

"न्हाय."

"मग सा म्हैने बघितलंत तरी काय?"

"पंच बघितला," तात्या म्हणाले.

साहेबाचं गाव कापडगिरण्यांचं होतं. तिथं फुटबॉलच्या संघांनाही आगगाडीसारखे दर्जे असतात, आणि या गावचा संघ थर्डक्लासातला. एका शनिवारी साहेब तात्यांना सामना दाखवायला घेऊन गेला. थंडी अशी की तात्यांनी घोंगडीवर साहेबाचा जुना कोट चढवला होता. मैदान गिरणीवाल्याचं, गडीही त्याच्याच गिरणीतले, आणि तो स्वतः चिरूट ओढत पुढच्या बाकावर. तात्यांना हे सगळं घरच्यासारखं वाटलं. निकाल काय लागणार हे त्यांनी बसल्याबसल्या ओळखलं.

शेवटच्या घडीपर्यंत दोन्हीकडून एकही गोल झाला नव्हता. तेवढ्यात पाहुण्यांचा चेंडू आत जाताना गावच्या एका गड्यानं तो हातानं अडवला. काळ्या चड्डीतल्या किरकोळ अंगाच्या पंचानं शिट्टी फुंकली आणि पाहुण्यांना समोरून मोकळा फटका मारू दिला. गाव हरलं. सारं मैदान त्या पंचाच्या नावानं शिव्या देऊ लागलं. कालव्यावर कधी आवाज न चढवणारा साहेब टोपी पायाखाली तुडवत त्याची आई-बहीण काढू लागला.

"सायेब," तात्यांनी विचारलं, "ह्यो पंच गिरणीवाल्याचं मीठ खात न्हाय व्हय?"

साहेब टोपी तुडवतच राहिला.

चांगल्या निकालाला भर आखाड्यात फेटा बांधायचा ही आपल्याकडची रीत. तात्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि कठडा ओलांडून ते धावले. दोन्ही हातांत लांबच लांब लाल कापड घेऊन एक मिशाळ परदेशी आपल्याकडं झेपावतोय हे पाहून इतका वेळ न डगमगलेला पंच मात्र जीव घेऊन पळाला. दोन पोलिसांनी तात्यांना धरलं. हा गळा आवळायला चालला होता, अशी त्यांची खात्री होती. आणि गंमत अशी की लोकांनी तात्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

हे ऐकून बाजार पोट धरून हसला. मीही हसलो.

चैत्रात काटेवाडीची जत्रा भरली. तिसऱ्यांदा माझी आणि जयवंताची जोड लागली, पंच तेच. मी जयवंताला घिस्सा मारून खाली घेतला आणि सवयीनं "सोडली" ऐकायची वाट बघू लागलो. वर पाहिलं तर तात्या गुडघ्यावर बसून जयवंताची पाठ न्याहाळत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"चीतपट!" ते ओरडले. आवाज फाटला होता. "बावड्याचा झुंबर जिकला!"

मी आखाड्यातच रडलो. जिंकल्यामुळं नाही, या माणसाला दोन वर्षं मनात किती शिव्या दिल्या होत्या ते आठवून रडलो.

मोहनरावांनी बांधावरचा पाट बुजवला. वैशाखात तात्यांची वांगी जागच्या जागी वाळली. द्वारकाबाई कपाळ बडवून म्हणाल्या, "कुत्रीमागं गेलात ते गेलात, पर असलं खूळ कशापायी घिऊन आलात?" तात्या म्हणाले, "आता आलंय ते आलंय."

मी बावड्यात गावोगावच्या पाहुण्यांपुढं त्यांचे गोडवे गायलो. पंच असावा तर असा, म्हणून जत्रा भरवणाऱ्या आमच्या आबासाहेबांच्या मागं लागून पुढच्या वर्षी आमच्या जत्रेला त्यांना पंच म्हणून आणवलं. स्वतः गाडी जुंपून घेऊन आलो.

त्या दिवशी शेवटची कुस्ती माझ्या धाकट्या भावाची, सर्जेरावची होती, इंदापूरच्या एका काटक गड्याबरोबर. सर्जेराव दमला. खाली गेला. त्याचे खांदे मातीकडं झुकू लागले, आणि साऱ्या आखाड्यात पहिली आरोळी माझी उठली.

"तात्या, सोडवा! बरोबरी! बरोबरीत सोडवा!"

तात्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, ओळख पटवावी तसं. मग इंदापूरच्या पोराचा हात धरून वर केला.

शिव्यांचा गदारोळ उठला. पंच कुणी आणला म्हणून लोक मला विचारू लागले. मी म्हणालो, आबासाहेबांनी. गाडी माझीच होती, बैलही गाडीलाच बांधलेले होते. बावड्याहून काटेवाडी जवळ नाही, आणि तात्यांचं वय झालं होतं.

ते चालत गेले.