कानपिळी

डोळे गेले तेव्हा मी सत्ताविशीत होतो. एकदम नाही गेले. आधी संध्याकाळचं दिसेना, मग दिवसाही कडेचं दिसेना, आणि शेवटी पार्ल्याच्या आमच्या चाळीतली समोरची भिंतसुद्धा दिसेना. नोकरी सुटली. लोक म्हणायचे, धीर धर. कसला डोंबलाचा धीर! वर्षभर मी पलंगावर नुसता पडून होतो. मेलो तर बरं, असं रोज वाटायचं, आणि तसं आईला ऐकवायचोही.

मग अंधांच्या एका संस्थेतून एक बाई घरी यायला लागल्या, पांढऱ्या काठीने चालायला शिकवायला. पहिल्या दिवशी मी त्यांना हाकलून दिलं. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. चिवट बाई! जिना झाला, नळाचा कोपरा झाला, वाण्याचं दुकान झालं. तेवढ्यात बहिणीचं लग्न ठरलं, मालाडचं स्थळ. लग्नात नवऱ्या मुलाचा कान नवरीच्या भावाने पिळायचा असतो, आणि तिला सख्खा भाऊ मी एकटाच. मला पहिल्यांदा अंथरुणातून उठावंसं वाटलं. पण भर मांडवात दुसऱ्याचा कान शोधायचा कसा? बाई म्हणाल्या, आधी खांद्यावर हात ठेवा, तिथून वर न्या. मी बाबांच्या कानावर सराव करायचो. बाबा बोंबलायचे, आई हसायची. आमच्या घरात किती तरी महिन्यांनी कुणी हसत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बहीण माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या हातांना मेंदीचा वास येत होता. म्हणाली, "दादा, उद्या तू हॉलवर येऊ नकोस. तू दुबईला असतोस, असं सांगितलंय त्यांना. तुझा फोटोही दाखवलाय."

का, ते विचारावं लागलं नाही. भावाचे डोळे गेले म्हटल्यावर उद्या हिच्या पोरांचेही जातील, असं कुणीही म्हणणार. मुलगी बघण्याचा कार्यक्रम मावशीकडे का झाला, तेही तेव्हा कळलं. मला सांगितलं होतं, तिची जागा मोठी म्हणून! सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून बाबा रोज कान पुढे करत होते, याची मला सर्वांत जास्त चीड आली.

कान मावसभावाने पिळला. शेजारच्या काकूंनी हॉलवरून माझं ताट आणलं. त्यात जिलेबी होती. भूक लागली होती, मी खाल्ली.

सोमवारी बाई आल्या. आज स्टेशनपर्यंत जाऊ म्हणाल्या, आणि काठी माझ्या हातात दिली. मी ती परत त्यांच्या हातात ठेवली.

"नको, बाई. रस्त्यात तिच्या सासरचं कुणी भेटलं तर? मी दुबईला असतो."