‘कोणी केलं’ विचारायचं नाही

आमच्या आरोग्य केंद्रातल्या मोठ्या सिस्टरांइतकं डोकं खाणारं माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. मी तिथला औषधवाला. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात हयात गेली, पण या बाईंच्या एका शब्दापुढे माझी बोबडी वळते. तो शब्द म्हणजे ‘काऊन’, आमच्याकडचं ‘का’. चहा नासला की सिस्टर विचारणार, “काऊन नासला?” दूध शिळं होतं म्हणावं, तर “शिळं काऊन?” दूधवाला उशिरा आला. “उशिरा काऊन?” असं करत करत त्या दूधवाल्याच्या म्हशीच्या सुजलेल्या पायापर्यंत पोहोचतात, त्या पायाला शेक सांगून येतात, आणि आम्ही चहाविना बसलेलेच असतो.

दर शुक्रवारी दुपारी, ओपीडी संपून डोळे मिटायला लागले की सिस्टर सगळ्यांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवतात. डॉक्टर, आशाताई, गाडीचा ड्रायव्हर, झाडणाऱ्या मावशी, कोणाचीच सुटका नाही. पल्स पोलिओचा जुना बॅनर उलटा करून भिंतीला लावायचा, आठवड्यात जे चुकलं ते वर लिहायचं आणि खाली बाण काढत ‘काऊन’ विचारत जायचं. नियम एकच, ‘कोणी केलं’ विचारायचं नाही. एकदा डॉक्टरांच्या तोंडून ते निघालं, तर त्यांनाही सगळ्यांदेखत गप्प केलं. जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांना हा प्रकार फार आवडला. संकटात आरोग्यसेवा कोलमडू नये म्हणून हे उत्तम सामूहिक अध्ययन साधन आहे, असं ते म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, “साधन कायचं साहेब, जुना बॅनर होय.” मला साहेबांचाच संताप आला, कारण त्या दिवसापासून बैठक अर्ध्या तासाने वाढली.

मागच्या धानकापणीत मी भाच्याच्या साखरपुड्याला गोंदियाला गेलो. नेमकं त्याच दिवशी नवेगाव बांधच्या एका मासेमाराच्या चार वर्षांच्या मुलीला धाप लागून आणलं. ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं होतं, पण ते उघडायची लोखंडी चावी माझ्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. सिस्टरांनी दगडाने कुलूप फोडलं तोवर पोरीचे ओठ निळे पडले होते. ती वाचली. मला मात्र अन्न गोड लागेना. शुक्रवारी मी बदलीचा अर्ज खिशात घालूनच सतरंजीवर बसलो.

सिस्टरांनी बॅनरवर लिहिलं, ‘चावी कुलपात’. मी उठून म्हणालो, “मी ठेवली होती.”

“कोनं ठेवली ते म्या इचारलं काय? खाली बसा भाऊ. चावी कुलपात ठेवा लागते, ते काऊन?”

हरवते म्हणून. काऊन हरवते? सिलिंडरं दोन, चावी एकच, ती दोन खोल्यांत फिरते. बाण खाली खाली जात राहिले. शेवटी मावशी म्हणाल्या, “अजून एक मागवा, आन् दोनी सिलिंडरलेच बांधून ठेवा ना जी, सुतळीनं.” आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. आता दोन्ही सिलिंडरांच्या गळ्यात चाव्या लोंबतात. माझं नाव बॅनरवर कुठेच नव्हतं.

पुढच्या महिन्यात सिस्टर निवृत्त होऊन दरेकशाला लेकीकडे जाणार आहेत. शुक्रवारची झोप परत मिळणार, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. पण तो बदलीचा अर्ज मी त्या शुक्रवारी संध्याकाळीच फाडला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा खोकल्याच्या औषधाच्या किती बाटल्या शिल्लक आहेत ते सांगून परत आलो.