साडूंची करंगळी

गिटार तारांवर वाजते, असा जगाचा एक भाबडा समज आहे. आमच्या साडूंशी गाठ पडली की तो संपतो. साडूंच्या मते तारा म्हणजे गिटारची नुसती हजेरी. खरी गिटार वाजते ती खाली कोपऱ्यात, जिथे तीन गोल बटणं असतात तिथे. "तारा काय, कुणीबी छेडतंय गुरुजी," ते मला सांगत. "माकडाच्या हातात दिली तरी टंग मनंल. पण टंग झाल्यावर त्या टंगचं काय करायचं, ते माकडाला ठावं न्हाई." हे सांगताना ते अशा नजरेनं बघत की, आपण माकडाच्या बाजूचे की साडूंच्या, हे तिथल्या तिथे ठरवावं लागे. मी जिंतूरजवळच्या शाळेत मास्तर, आमच्या गायन पार्टीतला गाणारा आणि शिवाय त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी मुकाट्यानं साडूंच्या बाजूला जात असे.

साडू पूर्णा जंक्शनला इंजिनाच्या शेडमध्ये फिटर होते. ती तांबडी, सपाट, विजेवर चालणारी गिटार त्यांना रेल्वे कॉलनी सोडून गोव्याला परत निघालेल्या एका ड्रायव्हरनं दिली आणि बदल्यात साडूंची नवीकोरी सायकल लगेजच्या डब्यात चढवली. त्यानंतर साडू शेडला कायम पायी गेले. त्याबद्दल ते कधी हळहळले नाहीत. ते काम त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या आक्कानं, दोघांच्या वाटचं केलं. आमच्या सासूबाईंनी गिटार पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावरून हात फिरवून विचारलं, "जावईबापू, शेवयाचा पाट आनला का? मग ह्येला करंट कामून लावलाय?" साडूंनी घरातल्या जुन्या रेडिओची पाठ उघडून त्याला गिटारची वायर जोडली आणि त्या दिवसापासून त्या घरात संध्याकाळच्या बातम्या बंद पडल्या. देशात काय चाललंय ते आक्काला शेजारणीकडून कळायचं, तेही उशिरा.

आता ती तीन बटणं. एक आवाजाचं, दोन टोनची. बाकीचे वाजवणारे कार्यक्रमाआधी ती एकदा पिळून ठेवतात आणि विसरतात. साडूंची करंगळी मात्र गाणं सुरू झालं की त्या बटणांवरून उठायचीच नाही. आवाज पुरता बंद ठेवून ते तार छेडत आणि मग करंगळीनं बटण हळूहळू उघडत. त्यामुळे आधीचा 'टंग' कुणाला ऐकूच यायचा नाही. कुठून तरी, कुणीतरी श्वास घेतल्यासारखा, नुसता सूर वर यायचा. "तारंला मारलेलं कळूच नये," ते म्हणत. "मारलेलं कळलं की रडणं खोटं वाटतंय." टोनचं बटण बंद केलं की सूर गोधडीतून बोलल्यासारखा यायचा आणि पूर्ण उघडलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. या दोन टोकांमध्ये साडूंची स्वतःची एक आचारसंहिता होती. लग्नात पंगत बसली की टोन बंद, कारण वरणभातावर झणझणीत आवाज चांगला नाही. नवरदेव मांडवात आला की अर्धा उघडा. आणि नवरदेवाच्या मामानं भाषण सुरू केलं की पूर्ण उघडा, म्हणजे तो आवरतं घेतो.

त्या करंगळीचे लाड तर विचारू नका. तेलाचा हात लागला तर बटण निसटेल म्हणून साडू चार बोटांनीच जेवत आणि करंगळी ताटाबाहेर ताठ उभी ठेवत. नव्या गावात पंगतीला बसलं की कुणीतरी बाई हमखास विचारायची, "बोटाला काय झालंय वो भाऊला? ठणकायलंय का?" आक्का वर न बघता सांगायची, "त्येचं बोट चांगलं हाय. वरचा मजला ठणकायलाय."

पण हेच बोट वेळप्रसंगी फार कामाला यायचं. शेडमधल्या एका साहेबांच्या निरोप समारंभात पाहुण्यांच्या भाषणामागे मंद संगीत ठेवायचं काम साडूंकडे दिलं होतं. पाहुणे आपलं बालपण सांगायला लागले. ते संपेपर्यंत साडू सज्जनासारखे वाजवत राहिले. पाहुणे नोकरीच्या पहिल्या वर्षात शिरले तशी करंगळी हलली, पण इतकी सावकाश की कुणाच्या लक्षात येऊ नये. पाहुण्यांनी आवाज जरा चढवला. करंगळी पुन्हा हलली. पाहुणे आणखी चढले. बदल्यांपर्यंत पोचताना ते बैल हाकल्यासारखे ओरडत होते, गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या आणि आपण का ओरडतो आहोत हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. शेवटी घसा बसून ते खाली बसले आणि त्याच क्षणी गिटार पुन्हा कुजबुजायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गार्डानं साडूंना बसल्या जागेवरून सलाम केला.

या करंगळीला जगात एकच शत्रू होता, आमच्याबरोबर फिरणारा भोंगेवाला. गिटारचा आवाज त्याच्याच मशीनमधून भोंग्यात जायचा. गाव बहिरं झालं पाहिजे एवढं एकच तत्त्व उराशी धरून तो धंद्यात उतरला होता. एका बारशाला साडूंनी बाळ झोपलंय म्हणून गिटारचा आवाज कमी केला. भोंगेवाल्याला वाटलं, आपल्याच मशीनचा आवाज गेला. त्यानं मशीन वाढवलं. साडूंनी आणखी कमी केला. त्यानं आणखी वाढवलं. असं करता करता मशीन शेवटच्या काट्याला आणि गिटार शून्याला जाऊन पोचली, आणि दोघं आपापल्या जागी विजयी मुद्रेनं बसले. तेवढ्यात पेढ्याचं ताट फिरवणाऱ्या आत्याबाईंचा पदर गिटारच्या बटणात अडकला. त्यानंतर जे झालं त्याला संगीत म्हणत नाहीत. लिंबावरचे कावळे उठले, दावणीची म्हैस दावं तोडून थेट नदीला गेली आणि बाळाचं नाव काय ठेवलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. घरच्यांना ते नंतर दारोदार जाऊन सांगावं लागलं. बाळ मात्र उठलं नाही. "कलावंत निघंल," साडू म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी नेण्याचे दिवस होते असं नाही. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा एकदा पेटून वरवर निवला होता. आत धग होतीच. काही गावांतून आमच्या लोकांची घरं जळाली होती. आमची पार्टी बौद्ध वस्त्यांतून लग्नाची आणि जयंतीची गाणी म्हणत फिरायची, आणि कुठल्या गावात पाणी मिळेल आणि कुठल्या गावात दगड, हे उतरल्याशिवाय कळायचं नाही. अशाच गंगाखेडकडच्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम ठरला. आम्ही एसटीतून उतरलो तर पोलीस पाटील समोर उभा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मागे पारावर बसलेले लोक त्याच्याकडे बघत होते. "गाणं मना," तो म्हणाला, "पण आवाज मारुतीच्या पारापस्तोर आला न्हाई पायजे. आला, तर म्या जबाबदार न्हाई."

वस्तीतले लोक म्हणाले, जाऊ द्या, नुसतं वंदन करू आणि जेवू. मलाही ते पटलं होतं. साडू म्हणाले, "अट साधी हाय. मोजून घिऊ." माईक बाजूला ठेवायचा, ढोलकीवर टॉवेल टाकायचा, मशीनला फक्त गिटार आणि एकच भोंगा, असं ठरलं. मग भर दुपारी त्यांनी मला पाराजवळ नेऊन उभं केलं. स्वतः वस्तीत वाजवत बसले, आणि ऐकू आलं की मी रुमाल हलवायचा. पारावरची माणसं मला न्याहाळत होती आणि मी घाम पुसायचं निमित्त करून रुमाल हलवत होतो. परत आलो तेव्हा साडू खुशीत होते. "येतो न् येतो असा ठिवलाय."

"अहो, पूर्ण बंद ठेवा ना," मी म्हणालो.

"बंद ठिवला तर त्यायला कसं कळंल, आपण हल्लू वाजवायलोत ते?"

दिवे लागले तसे आम्ही सुरू झालो. साडू डोळे मिटून वाजवत होते आणि त्यांची करंगळी काहीतरी भलताच उद्योग करत होती. ओळीची सुरुवात ती मोकळी सोडायची, आणि शेवट आला की आवाज हळूच मिटून घ्यायची. म्हणजे अर्धी चाल पारापर्यंत जायची आणि अर्धी वस्तीतच राहायची. गाणी एकामागून एक झाली. पारावर चुळबुळ सुरू झालेली इथून दिसत होती. मग पोलीस पाटील उठला आणि चार-सहा जण घेऊन सरळ आमच्या दिशेनं आला. बायकांनी पोरं जवळ ओढली. मी गाता गाता थांबलो.

"काय वो," पाटील म्हणाला, "अर्धंच कामून वाजवायलाव?"

"तुमचीच अट हाय, पाटील," साडू म्हणाले.

"मी आवाज मनलो होतो. अर्धं गाणं मनलो न्हवतो. मानसाचा जीव टांगनीला लागायलाय तिकडं."

"उरलेलं अर्धं हितं हाय. सतरंजी टाकलीय, बसा."

पाटलानं मागे वळून पाराकडे पाहिलं. तो पुन्हा आमच्याकडे वळेपर्यंत कुणी हललं नाही. "बसत न्हाई," तो म्हणाला. "उभ्यानं ऐकतो." आणि सतरंजीच्या काठापाशी हाताची घडी घालून तो खरोखरच उभा राहिला. त्याच्या मागचे दोघं जरा वेळानं उकिडवे बसले. बाकीचे परत गेले. पारावरचे काही जण उठून घरी गेले, काही तिथेच बसून राहिले, पण दगड आला नाही. मध्ये चहा फिरला तेव्हा पाटील म्हणाला, "आताच घेतलाय." साडूंनी टोनचं बटण पूर्ण उघडलं, आणि पुढचं अख्खं गाणं पाटील कान चोळत उभा होता.

परत येताना गाडीत मी विचारलं, "साडू, भीती नाही वाटली?"

"वाटली की. करंगळी लटलटा कापायली होती. लोकायला वाटलं, म्या आवाज हलवायलोय."

पुढे विद्यापीठाच्या नावाचं एकदाचं मिटलं. पूर्णेची कोळशाची इंजिनं गेली, शेड रिकामी व्हायला लागली आणि साडूंची बदली सिकंदराबादला झाली. जाण्याआधी त्यांनी एकुलत्या एका मुलीचं लग्न उरकलं. मुलगा राणीसावरगावचा, शिक्षक. लग्नात साडूंनी गिटारला हात लावला नाही. मुलीचा बाप म्हणून ते पाण्याचे जग घेऊन पंगतीतून फिरत होते. दुपारी जीप दाराशी लागली. आक्काचे डोळे सुजले होते. मुलगी जीपमध्ये चढता चढता खाली उतरली आणि म्हणाली, "पप्पा, एक वाजवा."

साडूंनी गिटार काढली, मशीनला जोडली आणि मांडवातल्या खुर्चीवर बसले. मुलगी त्यांच्या अगदी समोर खाली बसली. सगळे थांबले. साडूंचा हात हलायला लागला, बोटं तारांवरून फिरायला लागली, पण आवाज आला नाही. भोंगेवाल्यानं घाईघाईनं वायर हलवून पाहिली, मशीन वाढवलं. भोंग्यातून नुसती घूं घूं आली. मी जवळ होतो. वायर ठीक होती. आवाजाचं बटण बंद होतं आणि करंगळी त्याच्यावर तशीच टेकलेली होती. ती उघडेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी पूर्ण गाणं तसंच वाजवलं. मुलगी मात्र मान वाकवून, कान गिटारच्या लाकडाशी नेऊन, शेवटपर्यंत ऐकत होती. मग ती उठली, त्यांच्या पाया पडली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"वायर बदलून घ्या वो," भोंगेवाला म्हणाला.

"हं," साडू म्हणाले.

ते सिकंदराबादला गेल्यावर पार्टी मोडल्यातच जमा झाली. मी अजून बोलावलं की गातो. साथीला कॅसिओवाला असतो. चांगला वाजवतो, कुठे चुकत नाही, आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवतो. ओळीच्या शेवटी मी जरा थांबतो, कुणीतरी सूर अलगद मिटून घेईल म्हणून. तो घेत नाही. मग मीच थोडा हल्लू होतो.